घरातले जुने व्हिडिओ एफएफएमपेगने टीव्हीवर आणले, त्याची गोष्ट

आमच्या घरात व्हिडिओ चार-पाच जातीचे आहेत. २००३ सालच्या काकाच्या लग्नाच्या व्हीसीडी, मग आजोबांच्या पंच्याहत्तरीची डीव्हीडी, त्यानंतर हँडीकॅमच्या कार्डावरच्या एमटीएस फाईली, मध्येच छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेले एव्हीआय, आणि कीपॅडवाल्या जुन्या मोबाईलमधले थ्रीजीपी. आईची मागणी साधी होती की हे सगळं हॉलमधल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघता आलं पाहिजे, कारण डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेला. टीव्ही मात्र यातलं निम्मं घेतच नाही, काही फाईली यादीत दिसतच नाहीत, काहींचं चित्र येतं पण आवाज येत नाही, आणि आवाज नाही तर मंगलाष्टकांचा व्हिडिओ बघून करायचं काय.

त्याआधी एका नातेवाईकांनी आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या त्याच डीव्हीडीची त्यांच्याकडची कॉपी तालुक्याच्या एका दुकानात देऊन तिची 'फुल एचडी' फाईल करून आणली होती. ती मी नीट बघितली आणि मला खरंच वाईट वाटलं. मूळ चित्र ४:३ चं, ते ओढून १६:९ केलेलं, त्यामुळे आजोबांसकट सगळ्यांचे चेहरे पसरट. कोपऱ्यात दुकानाचं नाव कायमचं छापलेलं. आणि औक्षण करताना आत्याचा निरांजनाचा हात फिरला की हाताच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसायच्या. आजोबा आता नाहीत, ते चालताना-बोलताना दिसतात असं रेकॉर्डिंग आमच्याकडे एवढंच आहे. दुकानदाराकडे रोज ढिगाने डिस्का येतात आणि तो सगळ्या एकाच सेटिंगवर टाकतो, ते मी समजू शकतो, पण हे काम आपणच करायचं हे माझं तेव्हाच ठरलं.

एफएफएमपेग हे फुकट आणि ओपन सोर्स टूल आहे, फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं, आणि नंतर जगभरातल्या लोकांनी वाढवत नेलेलं. व्हीएलसी प्लेअर एवढे चित्रविचित्र फॉरमॅट चालवतो त्यातही मोठा वाटा याच प्रोजेक्टच्या लायब्ररींचा आहे. उबुंटूवर एपीटीने इन्स्टॉल होतं, विंडोजवर विंगेटने, मॅकवर होमब्रूने, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं अ‍ॅप टाकलं तरी त्यातही चालतं, हळू चालतं पण चालतं. काळी स्क्रीन बघून लोक घाबरतात, पण कमांड म्हणजे एक वाक्य आहे बघा, कुठली फाईल घ्यायची, तिचं काय करायचं आणि कुठे ठेवायची. डॅश आय लिहून इनपुट फाईलचं नाव, मग काय करायचं ते पर्याय, आणि सगळ्यात शेवटी आउटपुट फाईलचं नाव. बस.

पण एफएफएमपेग चालवायच्या आधी त्याच्याबरोबरच येणारं, फाईलच्या आत काय आहे ते दाखवणारं एफएफप्रोब चालवायचं, हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फाईलच्या नावामागचं एक्स्टेन्शन म्हणजे नुसता डबा, आत भाजी कुठली आहे ते डबा उघडल्याशिवाय कळत नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस हे कंटेनर, आणि आतलं चित्र एच.२६४ आहे की एमपेग-२ आहे, आवाज एएसी आहे की एसी३ आहे, ही वेगळी गोष्ट. टीव्ही अडतो तो कधी कंटेनरवर, कधी आवाजावर, कधी चित्रावर, आणि जे अडलंय तेवढंच बदलायचं. लोक सरसकट सगळं पुन्हा एन्कोड करतात, म्हणजे चित्र-आवाज उलगडून नव्याने दाबून साठवतात, त्यात तासन्‌तास जातात आणि वर चित्र खराब होतं, कारण हे सगळे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायच्या या पद्धती, दरवेळी थोडी माहिती टाकून देणारे आहेत, आणि एकदा टाकलेली माहिती परत येत नाही.

हँडीकॅमच्या एमटीएस फाईली याचं अगदी चांगलं उदाहरण. एफएफप्रोबने दाखवलं की आत चित्र एच.२६४ आहे, १९२० बाय १०८०, आणि आवाज एसी३. म्हणजे चित्र टीव्हीला चालणारंच आहे, फक्त आमच्या टीव्हीला एसी३ ऐकवता येत नाही. मग कमांडमध्ये डॅश सी कोलन व्ही कॉपी, म्हणजे चित्राला हात लावू नको, जसंच्या तसं उचल, आणि डॅश सी कोलन ए एएसी, म्हणजे आवाज तेवढा एएसी कर, बिटरेट (सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा) १९२ के, आउटपुटचं नाव डॉट एमपी४. संपलं. अख्ख्या गौरी-गणपतीचं रेकॉर्डिंग चहा गाळेपर्यंत तयार, आणि चित्रातला एक पिक्सेलसुद्धा बदललेला नाही. हेच पुन्हा एन्कोड केलं असतं तर माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्र गेली असती.

यात एक बारीक गोष्ट अशी की हे कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे स्वतःच तुकडे पाडतात, कार्डावर ०००००, ००००१ अशा नावांच्या फाईली दिसतात. एकेक वेगळी कन्व्हर्ट करून नंतर जोडायला गेलात तर सांध्यावर आवाज किंचित तुटतो, आरतीच्या मधोमध तो सांधा आला तर चटकन लक्षात येतं. त्यापेक्षा डॅश आयच्या पुढे अवतरणात कॉन्कॅट कोलन लिहून फाईलींची नावं मध्ये उभी रेघ टाकून एकामागे एक द्यायची, म्हणजे एफएफएमपेग त्यांना एकच सलग फाईल समजून वाचतो. एमटीएस हा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम असल्यामुळे हे जमतं, एमपी४ फाईलींना ही पद्धत चालत नाही, त्यांना नावांची यादी टेक्स्ट फाईलमध्ये लिहून कॉन्कॅट डीमक्सर वापरावा लागतो.

आता डीव्हीडी. इथे खरी मेहनत होती आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

आधी डिस्क वाचणं. घरगुती डीव्हीडी राइट करून पंधरा-वीस वर्षं झाली की तिच्यातला डाय, म्हणजे ज्यावर माहिती लिहिलेली असते तो रंगाचा थर, उतरत जातो, वर ओरखडे, त्यामुळे साधं कॉपी-पेस्ट मध्येच अडकतं. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. हे टूल आधी डिस्कचा जेवढा भाग सहज वाचता येतो तेवढा उचलून घेतं, अडणारी जागा मॅपफाईलमध्ये नोंदवून ठेवतं आणि मग परत परत फक्त त्याच जागांवर प्रयत्न करतं. मध्येच बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू. एका ड्राइव्हने जे वाचलं नाही ते दुसऱ्या ड्राइव्हने वाचलं असंही होतं, म्हणून शेजाऱ्यांचा जुना डेस्कटॉपही दोन दिवस मागून आणला, आणि तीच मॅपफाईल तिकडे दिल्यामुळे उरलेल्या जागा बऱ्याच भरून निघाल्या.

डिस्कची इमेज, म्हणजे एका फाईलमधली तिची हुबेहूब प्रत, हातात आली की आत व्हीओबी फाईली असतात, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची, तेही एकाच व्हिडिओचे तुकडे. त्या वरच्यासारख्याच जोडायच्या. पण व्हीओबीमध्ये आवाजाचा स्ट्रीम कधीकधी सुरुवातीला नसतोच, टायटलच्या आधी गणपतीचा फोटो येतो तेवढा वेळ शांतता असते, आणि एफएफएमपेग फाईलचा सुरुवातीचा थोडाच भाग तपासत असल्यामुळे त्याला वाटतं की यात आवाजच नाही. त्याला प्रोबसाईज आणि अ‍ॅनालाइजड्युरेशन हे दोन पर्याय डॅश आयच्या आधी लिहायचे, दोन्हीला १००एम दिलं की तो आणखी पुढपर्यंत बघतो आणि आवाज सापडतो. शिवाय डीव्हीडीत मेन्यूसाठीचा एक नेव्हिगेशनचा डेटा स्ट्रीम असतो, तो एमपी४ मध्ये बसत नाही, म्हणून डॅश मॅप देऊन फक्त चित्र आणि आवाज एवढंच घ्यायचं.

मग त्या कंगव्यासारख्या रेघा. त्या काय आहेत हे समजल्याशिवाय त्या जाणार नाहीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्याकडचा जुना व्हिडिओ पाल सिस्टीमचा, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची, एका भागात १, ३, ५ अशा रेघा आणि दुसऱ्यात २, ४, ६ अशा, आणि हे दोन भाग कॅमेऱ्याने वेगवेगळ्या क्षणी टिपलेले, एकमेकांपासून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ते एकामागून एकच दाखवायचा त्यामुळे काही कळायचं नाही. आताच्या स्क्रीनवर दोन्ही भाग एकदम दिसतात, आणि तेवढ्यात आत्याचा हात जरासा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडा दातेरी दिसतात. स्थिर उभ्या माणसाला काही होत नाही, हलणाऱ्यालाच होतं.

दुकानातल्या फाईलमध्ये हे दुरुस्त न करताच चित्र मोठं केलेलं होतं. एकदा का रेघा वेगळ्या न करता उंची बदलली की दोन्ही भाग एकमेकांत कालवले जातात आणि मग ते कुठल्याच सॉफ्टवेअरने वेगळे होत नाहीत. म्हणून क्रम फार महत्त्वाचा आहे, आधी डीइंटरलेस, म्हणजे ते दोन अर्धे भाग वेगळे करून पूर्ण फ्रेम बनवणं, मग आकार.

एफएफएमपेगमध्ये डीइंटरलेससाठी यॅडिफ आणि बीडब्ल्यूडिफ असे दोन फिल्टर आहेत, मी दुसरा वापरला, माझ्या डोळ्याला कडा जास्त स्वच्छ वाटल्या. त्याला सेंड फील्ड मोडवर ठेवलं की तो प्रत्येक अर्ध्या भागाची एक पूर्ण फ्रेम बनवतो आणि सेकंदाला ५० फ्रेमचा व्हिडिओ मिळतो. हे ५० फ्रेमचं मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण बहुतेक जण २५ वरच थांबतात आणि अर्धी हालचाल फेकून देतात. मिरवणुकीतलं लेझीम २५ वर आणि ५० वर शेजारी शेजारी लावून बघा, ५० वर ते समोर चाललंय असं वाटतं.

आमच्या डीव्हीडीत आणखी एक गाठ होती. डीइंटरलेस करूनही लेझीमवाल्यांचे हात पुढे जाऊन किंचित मागे आणि परत पुढे असे थरथरत होते. असं दिसलं की समजायचं की दोन अर्ध्या भागांचा क्रम उलटा धरला जातोय. मिनी डीव्ही टेपवर खालचा भाग आधी असतो, तेव्हाचे बरेच व्हिडिओवाले त्याच टेपवर शूट करायचे, आणि नंतर डीव्हीडी बनवताना फाईलवर वरचा भाग आधी अशी चुकीची नोंद पडू शकते. हे ओळखायला आयडेट नावाचा फिल्टर आहे, त्याला हजारभर फ्रेम तपासायला सांगायच्या, आउटपुट नल ठेवायचं, म्हणजे फाईल बनवायचीच नाही, आणि शेवटी तो मोजून सांगतो की टीएफएफ (वरचा भाग आधी) किती, बीएफएफ (खालचा भाग आधी) किती, प्रोग्रेसिव्ह (अर्धे भाग नसलेल्या अख्ख्या फ्रेम) किती. एफएफप्रोब म्हणत होता टॉप फर्स्ट, आणि आयडेटमध्ये बीएफएफचा आकडा शेकड्यांत, टीएफएफ जवळपास शून्य. बीडब्ल्यूडिफला पॅरिटी बीएफएफ असं स्पष्ट लिहून दिलं आणि थरथर एका झटक्यात गेली. आकडा तपासायचा तो हलत्या दृश्यावर मात्र, लोक खुर्च्यांवर बसलेत अशा भागावर आयडेटलाही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर चेहऱ्यांचा प्रश्न. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ साठवलेलं असतं पण पिक्सेल चौकोनी नसतात, ४:३ च्या चित्रात ते १६:१५ या प्रमाणात जरा रुंद असतात. चांगला प्लेअर ती नोंद वाचून बरोबर दाखवतो, पण सगळेच टीव्ही ती नोंद पाळतात असं नाही, मग माणसं बाजूंनी दाबल्यासारखी थोडी उभट दिसतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे स्केल ७६८ बाय ५७६ आणि पुढे सेटएसएआर १, म्हणजे पिक्सेल चौकोनी होतात आणि कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही फोनवर चेहरा तोच राहतो. डीव्हीडी १६:९ ची असेल तर १०२४ बाय ५७६. याहून मोठं करायचं नाही असं माझं ठाम मत आहे, १०८० केल्याने नवीन तपशील कुठून येणार, फाईल फुगते एवढंच, आणि टीव्ही तसंही स्वतः मोठं करून दाखवतोच. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, त्या पट्ट्यांनी काहीही बिघडत नाही.

क्वालिटीसाठी एक्स२६४ एन्कोडर, आणि बिटरेट ठरवण्याऐवजी सीआरएफ. हा आकडा ० ते ५१ असतो, लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाईल, काही सांगितलं नाही तर तो २३ धरतो, आणि साधारण ६ ने कमी केला की फाईल दुप्पट होते. अख्खी डीव्हीडी चालवायच्या आधी डॅश एसएसने बारावं मिनिट गाठून डॅश टी ३० ने तीस सेकंदाचा तुकडा वेगवेगळ्या सीआरएफवर काढून टीव्हीवरच बघितला, लॅपटॉपवर नाही, कारण शेवटी बघायचं टीव्हीवर आहे. मंडपातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात २३ वर ठोकळे दिसत होते, १८ वर दिसत नव्हते, मग १८. प्रीसेट स्लो ठेवला, वेळ लागतो पण हे काम एकदाच करायचंय. आणि पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी हा नेहमी लिहायचा, तो का ते पुढे सांगतो.

एक व्यवहाराची गोष्ट, आमच्याकडे लाईट कधीही जाते. एमपी४ लिहिताना त्याची अनुक्रमणिका फाईल पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच मशीन बंद पडलं तर चार तासांचं काम असूनही ती फाईल उघडतच नाही. एमकेव्हीचं तसं नाही, जिथपर्यंत लिहिलं तिथपर्यंत चालते. म्हणून लांब एन्कोड मी आधी एमकेव्हीमध्ये करतो आणि पूर्ण झाल्यावर डॅश सी कॉपीने एमपी४ मध्ये हलवतो, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. त्याच वेळी मूव्हफ्लॅग्ज फास्टस्टार्ट लावायचा, म्हणजे अनुक्रमणिका फाईलच्या सुरुवातीला येते आणि ऑनलाइन ड्राइव्हवर टाकलेली फाईल पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधी चालू होते, अमेरिकेतल्या मावशीला याचा फार उपयोग झाला.

व्हीसीडीचं काम त्यामानाने लवकर उरकलं. लिनक्सवर व्हीसीडीतली डॅट फाईल सरळ कॉपी करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येते, डिस्क खराब आहे असं वाटतं पण तसं नसतं, व्हीसीडीतला व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये साठवलेला असतो जो साध्या फाईलसारखा वाचता येत नाही. व्हीसीडीइमेजर नावाच्या पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप चालवलं की डिस्कवरून सरळ एमपीजी फाईल निघते. आत एमपेग-१, ३५२ बाय २८८, आवाज एमपी२. आणि ही एमपीजी आमच्या टीव्हीवर जशीच्या तशी चालली! मग मी तिला हातच लावला नाही. मुळात व्हीसीडीचं चित्रच ११५० केबीपीएसचं, ठोकळे-ठोकळ्यांचं, ते एच.२६४ मध्ये चांगल्या क्वालिटीवर न्यायला गेलं तर एन्कोडर ते ठोकळे इमानेइतबारे जपत बसतो आणि फाईल उलट मूळपेक्षा मोठी होऊ शकते. काकाला वाटलं होतं की कॉम्प्युटरवर घेतलं की स्वच्छ दिसेल, त्याला मी समजावून सांगितलं की जे टिपलंच नाही ते येणार नाही, पण जे आहे ते आता ओरखड्यांनी जाणार नाही.

छोट्या कॅमेऱ्याच्या एव्हीआयमध्ये मोशन जेपेग निघालं, म्हणजे प्रत्येक फ्रेम हा एक वेगळा फोटोच, म्हणून दोन मिनिटांची फाईलही शेकडो एमबीची. इथे पुन्हा एन्कोड करण्यात अर्थ आहे. पण नुसतं एक्स२६४ सांगितलं तर तयार झालेली फाईल लॅपटॉपवर झकास चालते आणि टीव्हीवर, बऱ्याच फोनवर चालत नाही. कारण या कॅमेऱ्याचं चित्र ४२२ रंगरचनेचं होतं, एफएफएमपेग ती तशीच जपतो, आणि टीव्हीतली चिप फक्त ४२० समजते. म्हणून ते वाययूव्ही४२०पी. थ्रीजीपीत चित्र एच.२६३, १७६ बाय १४४ एवढंसं, आवाज एएमआर, तोही ८००० हर्ट्झचा. यात कंटेनर बदलून काही होत नाही, चित्र-आवाज दोन्ही बदलावं लागतं, आवाजाचा सॅम्पल रेट ४८००० करून दिला की टीव्ही कुरकुर करत नाही. पुतणीचं बारसं त्या टिचभर चित्रात आहे, आणि तिने ते टीव्हीवर बघितलं.

सगळ्यात जीव लावून केलेलं काम मात्र आवाजाचं होतं. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय असं एक हँडीकॅमचं रेकॉर्डिंग आहे, तेव्हा कोणीतरी बाहेरचा माईक लावला होता त्यामुळे आवाज फक्त डाव्या बाजूला आलाय, उजवीकडे नुसती सूं. टीव्हीवर तो एका कोपऱ्यातून आल्यासारखा वाटायचा, आणि फोनचा एकच स्पीकर दोन्ही बाजू मिसळून आवाज निम्मा करायचा. पॅन फिल्टरला सांगितलं की मोनो कर आणि त्यात फक्त पहिला चॅनल घे, दुसरा टाकून दे. मग व्हॉल्यूमडिटेक्टने मोजलं तर सगळ्यात मोठा आवाजसुद्धा कमाल पातळीच्या बराच खाली होता, तेवढे डेसिबल व्हॉल्यूम फिल्टरने वाढवले. लाउडनॉर्म नावाचा फिल्टर आहे जो आपोआप पातळी सारखी करतो, लग्नाच्या व्हिडिओला तो बरा, पण इथे नाही वापरला, कारण तो हळू जागा वर उचलतो आणि ओवीच्या दोन ओळींमध्ये जात्याची घरघर उगाच मोठी झाली असती. आजी एक ओळ म्हणते, थांबते, जातं फिरतं, मग दुसरी ओळ येते, ती चढ-उतार तशीच राहिली पाहिजे. नॉईज रिडक्शनही लावलं नाही, त्याने जात्याचा आवाज खाल्ला जातो आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज हवाच. इथेही चित्र कॉपीच, फक्त आवाज नवा.

एमटीएस फाईली खूप होत्या तेव्हा एकेक कमांड टाइप करत बसायची गरज नाही, टर्मिनलमध्ये फॉर लूप लिहायचा, प्रत्येक एमटीएससाठी हे कर आणि त्याच नावाने एमपी४ बनव. फाईलचं नाव नेहमी अवतरण चिन्हात ठेवायचं, नाहीतर 'गौरी विसर्जन' मधल्या मोकळ्या जागेवर लूप अडखळतो. फोल्डरच्या आत फोल्डर असतील आणि फाइंड कमांडची यादी व्हाइल लूपला दिली तर डॅश नोएसटीडीइन हा पर्याय विसरू नका. एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डवरून येणारी अक्षरं वाचत असतो, आणि लूपमध्ये त्याला वाटतं की फाईलींची यादी म्हणजेच कीबोर्ड, मग तो पुढच्या नावाची सुरुवातीची अक्षरं गिळतो आणि 'फाईल सापडली नाही' अशी एरर येत राहते. एरर बघून माणूस फाईल शोधत बसतो. डॅश एन पण लावा, म्हणजे त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर लिहिलं जात नाही.

मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या फाईलींत रेकॉर्डिंगची तारीख आत असेलच असं नाही, बऱ्याचदा ती फक्त फाईलच्या मॉडिफाइड तारखेवरून कळते आणि कन्व्हर्ट केल्यावर तिथे आजची तारीख पडते. टच कमांडला डॅश आर देऊन मूळ फाईलची तारीख नवीन फाईलला लावता येते, तेही लूपमध्येच टाकलं. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जातच नाही, आमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो म्हणून तसा फॉरमॅट करून घेतला.

तयार झालेल्या फाईलींची तपासणी केल्याशिवाय मूळ गोष्टी कपाटात परत ठेवल्या नाहीत. एफएफप्रोबने मूळ आणि नवीन दोन्हींचा कालावधी काढून ताडून बघितला, एखाद-दुसऱ्या सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला तर ती फाईल बाजूला. मग एफएफएमपेगला फक्त एरर दाखव असं सांगून प्रत्येक फाईल नल आउटपुटला पूर्ण डीकोड करायला लावली, ज्यात काहीच छापून आलं नाही ती ठीक. आणि सुरुवात, मधला भाग, शेवट असं डोळ्यांनी बघितलं, ओठ आणि आवाज जुळतात का ते पुरोहितांच्या तोंडाकडे बघून लगेच कळतं. डिस्कच्या इमेज आणि मूळ एमटीएस पुसल्या नाहीत, पुसणारही नाही, त्या दोन हार्डडिस्कवर आहेत, एक माझ्याकडे आणि एक बहिणीकडे पुण्याला. उद्या याहून चांगला डीइंटरलेसर आला तर तो मूळ फाईलवरच चालवायचा, मी बनवलेल्या एमपी४ वर नाही.

अजून आत्याकडच्या हाय८ टेपा, म्हणजे जुन्या हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट, राहिल्या आहेत. त्या १९९० च्या दशकातल्या, अ‍ॅनालॉग, त्यामुळे फाईल कॉपी करण्याचा प्रश्नच नाही. यासाठी डिजिटल८ कॅमेरा शोधतोय, त्यातली बरीच मॉडेल जुन्या हाय८ टेपा वाजवून फायरवायर या केबलमधून कॉम्प्युटरला थेट डीव्ही हा डिजिटल सिग्नल देतात. तासाला साधारण १३ जीबी लागतील, ती जागा करून ठेवली आहे. फायरवायरचं पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मिळालाय आणि केबलही मिळाली, कॅमेरा तेवढा चालू स्थितीतला मिळायला हवा, टेप अडकवणारा नको. मिळाला की आत्याचं डोहाळजेवण पहिलं घेणार.